मशीन थांबलं की ती जागी व्हायची

जळगावचा उन्हाळा मला दिसत नाही, ऐकू येतो. आधी खटखट, खटखट, मग एक बारीकशी टिंग, मग कॅरेज मागे सरकवल्याची खर्रर्र, आणि पुन्हा खटखट. त्या आवाजाच्या मागे वाळ्याच्या पडद्यावर मारलेल्या पाण्याचा वास आहे, झोळीच्या दोरीची कुरकुर आहे, आणि मी अर्धवट झोपेत आहे. मी टाइप करतेय की टाइप करत असल्याचं स्वप्न बघतेय, हे मला तेव्हाही धड कळायचं नाही. आता तर विचारूच नका.

तर ही माझ्या थोरल्या मुलीच्या पहिल्या उन्हाळ्याची गोष्ट. बाळंतपणाला मी माहेरी धुळ्याला गेले होते. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. हंगाम सुरू झाला की जिनाची घरघर अखंड चालायची. आम्हा घरच्यांना ती ऐकूच यायची नाही, पाहुणा आला आणि त्याने कानावर हात ठेवला की मग आठवायचं, अरे हो, जिन चालू आहे. कापसाचे बारीक तंतू अंगणात तरंगत असायचे. वाळत घातलेल्या लंगोटांवर बसायचे, तुळशीवर बसायचे, वरणाच्या पातेल्यात पडायचे. त्या घरघरीत माझी मुलगी जन्मली आणि त्या घरघरीतच ती अडीच महिने गाढ झोपली. प्यायची, झोपायची, पुन्हा प्यायची. माझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, अशी शहाणी पोर अख्ख्या गल्लीत नाही. मीही फुशारले होते. मला वाटलं, मूल शहाणं निपजलं यात आपलंही थोडं कर्तृत्व असणार.

मग तिसऱ्या महिन्यात सासरी जळगावला आले आणि ती सगळी फुशारकी उतरली.

सासरचं घर पेठेतल्या एका बोळात होतं. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे ओटा. घरात आम्ही तिघंच. मी, माझे यजमान, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना घरचे आणि बाहेरचे सगळेच अक्का म्हणायचे. यजमान रेल्वेच्या कचेरीत, भुसावळला रोज अपडाऊन करायचे. सकाळी डबा घेऊन निघाले की दिवेलागणीलाच परत. ते गेले की बोळ इतका शांत व्हायचा की पलीकडच्या घरात कुणी चमचा ठेवला तरी ऐकू यावा. नव्या बाळंतिणीला शांतता हवी म्हणून अक्कांनी भांडीसुद्धा जपून घासायला सुरुवात केली होती. आणि त्या शांततेत माझी शहाणी पोर डोळे टक्क उघडे ठेवून पडायची, आणि मग रडायची. दिवसा रडायची, संध्याकाळी रडायची. पाच मिनिटं डोळा लागायचा, की दचकून जागी. झोप नाही म्हणून धड प्यायची नाही, आणि धड प्यायली नाही म्हणून झोप नाही. मी त्या चक्रात अशी अडकले होते की वार कुठला आहे हे मला दूधवाल्याला विचारावं लागायचं.

अक्कांनी त्यांच्या परीने सगळं केलं. मीठ-मोहरी ओवाळून टाकली. सहाणेवर वेखंड, जायफळ उगाळून घुटी दिली. ओव्याच्या पुरचुंडीने पोट शेकलं. काहीच लागू पडेना, तेव्हा त्यांनी माझ्या जेवणाकडे मोर्चा वळवला. थंडी सरता सरता शेजारून वाटीभर भरीत आलं होतं, हिरव्या मिरचीचं, वर कांद्याची पात घातलेलं. त्यातले मी दोन घास खाल्ले. बस्स, सगळं खापर त्या भरितावर फुटलं. त्या दिवसापासून मला अळणी वरण आणि भाकरी. जळगावात राहायचं आणि भरीत खायचं नाही. मी तशी तोंडाने तिखट, पण तेव्हा भांडायलाही अंगात त्राण नव्हतं. मी मनातल्या मनात भांडायचे, आणि भांडता भांडता मला झोप लागायची, आणि झोप लागली की ही उठायची.

आता खरी गोष्ट सांगते. मला खुर्ची हवी होती.

लहानपणी वडिलांबरोबर मी एकदा धुळ्याच्या एका कचेरीत गेले होते. तिथे एक बाई टाइप करत बसल्या होत्या. बोटं खाली चालू आणि डोळे बाजूच्या कागदावर, मधूनच शेजारणीशी एखादा शब्द बोलायच्या, तरी बोटं थांबत नव्हती. डोक्यावर पंखा. आणि त्यांची खुर्ची, तिच्यावर चौकटीच्या कापडाची चौघडी घातलेली. ती खुर्ची त्यांची होती, हे त्या चौघडीवरून लगेच कळत होतं. आमच्या घरातल्या बायका पाटावर बसायच्या, उंबऱ्यावर बसायच्या, नाहीतर जमिनीवर, आणि कुणीही हाक मारली की उठायच्या. त्या बाईंना कुणी उठवलं नाही. आम्ही तिथे बराच वेळ होतो आणि तेवढ्या वेळात कुणीसुद्धा त्यांना 'जरा उठ गं' म्हणालं नाही. माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

लग्नाआधी धुळ्यातच मी मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले होते. इंग्रजीची, मिनिटाला चाळीस शब्दांची, तेवढी राहिली होती; तिच्यासाठी लग्नानंतर जळगावच्या क्लासात नाव घातलं होतं, तोवर दिवस गेले. त्या उन्हाळ्यात यजमानांच्या ओळखीने एका सोसायटीच्या कचेरीत जागा निघणार असल्याचं कळलं. परीक्षा पास असेल तर विचार करू, असं तिथले म्हणाले. परीक्षा ऐन उन्हाळ्यात होती. मी बाळंतीण नसते तर एका उडीत गेले असते.

अक्कांनी नाही म्हटलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. सासू म्हटलं की लोकांना लगेच एक ठरलेली बाई दिसते. अक्का तशा नव्हत्या. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"पोर वरनं दूध पेस का? मंग तू कठे जाशी?"

पोरगी वरचं दूध पीत नाही, मग तू जाणार कुठे? खरंच होतं. मुलगी माझ्याशिवाय कुणाच्या हातून थेंब घेत नव्हती. डॉक्टरांनी थोडं वरचं दूध सुरू करायला सांगितलं होतं. आम्ही वाटी-चमचा करून पाहिला, बाटली आणून पाहिली. अक्कांनी ट्रंकेतून माझ्या यजमानांचं लहानपणीचं, दूध पाजायचं चांदीचं बोंडलं काढलं, चिंचेने लख्ख घासलं. त्या बोंडल्याची चोच ओठाला लागली की ही तोंड मिटून मान फिरवायची, आणि दूध गळ्यावरून कानामागे जायचं. घरभर आंबूस वास. अक्का म्हणायच्या, हिचा बाप याच बोंडल्याने घटाघटा प्यायचा. यजमान बिचारे ओशाळून दुसरीकडे बघायचे.

शेवटी एका दुपारी मी ठरवलं की पुरे. मुलीला दुपट्यात गुंडाळली, पदर डोक्यावरून घेतला आणि टायपिंगच्या क्लासवर गेले. सरांना सांगायचं होतं की या खेपेला माझं नाव धरू नका. क्लास एका दुकानाच्या माडीवर होता. मुलगी घरापासून रडत आलेली. मी जिन्याच्या पायऱ्या चढायला लागले आणि वरून आवाज खाली आला, पंधरा-वीस मशीनांची खटखट, एकात एक मिसळलेली. मधल्या पायरीवर माझ्या खांद्यावरचं रडणं ढिलं पडलं. वरच्या पायरीवर थांबलं. मी दारात उभी राहून सरांशी बोलायला तोंड उघडलं, तर मानेवर गरम श्वास आणि सगळं वजन माझ्यावर टाकलेलं. झोपली होती.

भिंतीशी एक बाकडं होतं, त्यावर बसले. सरांनी खूण करून विचारलं, काय? मी खुणेनेच म्हटलं, काही नाही. मग मलाही झोप लागली. त्या गदारोळात, पोरं-पोरी समोर बडवत असताना, मी भिंतीला डोकं टेकून झोपले. स्वप्नात मी धुळ्याला होते, मागे जिन चालू होतं आणि कापूस उडत होता. जाग आली तेव्हा वर्गात दुसरी तुकडी बसलेली. मुलगी तशीच झोपेत.

सर वयस्कर होते, हिशेबी होते, पण त्यांना माझी दया आली असावी. नाहीतर झोपलेल्या बाईचं बाकडं त्यांना मोकळं करून हवं असेल. त्यांनी कोपऱ्यातलं एक जुनं मशीन परीक्षेपर्यंत घरी न्यायला दिलं. त्याची रिबीन मधूनच अडकायची आणि एक-दोन कळा जड होत्या, पण घंटी अगदी खणखणीत होती. यजमानांनी ते सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून आणलं, स्वतः सायकल हातात धरून चालत. अक्कांनी त्याला हळदीकुंकू लावलं, मग दारातून जरा लांबूनच बघत बसल्या.

मग तो उन्हाळा सुरू झाला जो मला ऐकू येतो.

झोळी आढ्याच्या कडीला टांगलेली, तिच्या खाली दोरी, दोरीचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. समोर लाकडी खोक्यावर मशीन. अंगठ्याने झोका, बोटांनी खटखट. थोडाच वेळ, की झोळीतली हालचाल बंद. आणि मग माझी खरी परीक्षा, कारण मशीन थांबलं की ती जागी व्हायची. एकदम नाही. आधी झोळीच्या कापडावर आतून एक लाथ उमटायची, मग एक हुंकार, मग भोंगा. म्हणून थांबायचंच नाही. चुकलं तरी खोडायला थांबायचं नाही. रिबीन अडकली तर एका हाताने सोडवायची, दुसऱ्याने कुठलीही कळ मारत राहायची. कागद संपला तर रिकाम्या रोलरवर बडवायचं, तोवर डाव्या हाताने नवा शोधायचा. ताल मोडला तरी ती चुळबुळ करायची. जोरात-हळू, जोरात-हळू, असं तिला चालायचं नाही. सर वर्गात घसा फोडून सांगायचे, वेगापेक्षा ताल सांभाळा. ते माझ्या कानात कधी शिरलं नव्हतं. झोळीतल्या बाईसाहेबांनी आठवड्याभरात शिकवलं.

बाहेर ऊन असं की बोळात कुत्रं फिरकत नसे. वाळ्याच्या पडद्याला अक्का मधूनमधून पाणी मारायच्या. माझ्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत जायचा. पुस्तकातली इंग्रजी पत्रं मी टाइप करत असायचे, महाशय, आपल्या पत्राच्या संदर्भात, वगैरे. त्यातला अर्थ केव्हाच गळून गेला होता. कधी कधी मला वाटायचं, मी हे पत्र हिलाच लिहितेय. महाशय, आपण झोपावे ही विनंती. आपण प्यावे ही विनंती. डोळे मिटायचे आणि बोटं चालू राहायची, आणि मिटल्या डोळ्यांसमोर अक्षरं कापसासारखी उडायची. डोळे उघडले की दोन ओळी बरोबर उमटलेल्या असायच्या. मला त्या कधी टाइप केल्या ते आठवायचं नाही. असं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. थकव्याने हाडं दुखत होती, केस विंचरायला वेळ नव्हता, तरीही ते सुखच होतं.

ती झोपायला लागली तशी प्यायलाही लागली, पण माझंच. झोपेच्या काठावर असताना तिला मांडीवर घेऊन पाजायचं, उजव्या हातात तिचं डोकं, आणि डाव्या हाताने मशीन चालू ठेवायचं, म्हणजे ती पोटभर प्यायची. डाव्या हाताला जेवढी अक्षरं येतात तेवढीच पुन्हा पुन्हा. मुलीला घेऊन मी मधूनच क्लासवर जायचे, तेव्हा सर एकदा म्हणाले, तुमचा डावा हात उजव्यापेक्षा चांगला पडतो, असं सहसा होत नाही. मी काय सांगणार त्यांना.

बोंडल्याचं घोडं मात्र अडलेलंच. रोज चार वाजता आमचा तो कार्यक्रम व्हायचा. अक्का दूध कोमट करायच्या, त्यात पाणी घालायच्या, पदर खोचून मांडी घालून बसायच्या. मी मशीन थांबवायचे, मुलगी उठायची, मी तिला अक्कांच्या मांडीवर द्यायचे आणि दाराआड उभी राहायचे, तिला माझा वास येऊ नये म्हणून. आणि मग रोजची रडारड. अक्कांच्या पातळावर दूध, मुलीच्या कानात दूध. अक्का कधी चिडल्या नाहीत. बोंडलं विसळून फळीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, उद्या पाहू. त्यांचं ते उद्या पाहू ऐकून मला भीती वाटायची. परीक्षेच्या दिवशी निदान तीन तास मी घरी नसणार होते. तीन तास ही माझ्याशिवाय राहायला हवी होती, नाहीतर खुर्ची गेली.

त्या काळी परीक्षेला ज्याचं मशीन त्याने न्यायचं असायचं. शाळेत मशीनं नसत. आदल्या दिवशी क्लासवाले हातगाडीवर सगळी मशीनं घालून केंद्रावर पोचवत, आणि परीक्षार्थ्याने आपलं ओळखून त्यापुढे बसायचं. सरांचा दंडक होता, ज्यावर हात बसलाय तेच मशीन. म्हणून आदल्या संध्याकाळी आमच्या बोळाच्या तोंडाशी हातगाडी आली. यजमान लवकर आलेले, त्यांनी मशीन उचलून नेलं. मी वर चादर घातली. घरातली मुलगी सासरी निघाल्यासारखं अक्कांनी त्याला दारातून निरोप दिला. आम्ही सगळे खुशीत होतो. यजमानांनी येताना माझ्यासाठी जांभळं आणली होती. मुलगी त्यांच्या मांडीवर हात-पाय उडवत होती.

आणि दिवे लागले, आणि ती किरकिरायला लागली, तेव्हा मी सवयीने खोक्यासमोर जाऊन बसले. खोकं रिकामं.

कुणाच्या म्हणून डोक्यात आलं नव्हतं. मशीन परीक्षेला जाणार हे पंधरा दिवस माहीत होतं, झोळी तिथेच टांगलेली होती, आणि एकालाही सुचलं नाही की मशीन गेल्यावर ही झोपणार कशी. मला हसू आलं, मग रडू आलं. यजमानांनी खोक्यावर बोटांनी तबला वाजवून पाहिला. तिने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी आपणहून हात मागे घेतला. शेवटी अक्कांनी सूप घेतलं, त्यात दादर ज्वारी घातली आणि ओट्यावर बसून पाखडायला लागल्या. सप, सप, सप. ती जरा ऐकायची, झापड यायची, पण सूप थांबलं की जागी. त्या रात्री आमच्या घरात महिन्याभराची ज्वारी पाखडून झाली, एवढंच सांगते.

सकाळी मी निघाले तेव्हा मुलगी अक्कांच्या खांद्यावर हुंदके देत होती. धड झोपलेली नाही, धड प्यायलेली नाही. मी दारात पाय अडखळून उभी राहिले. म्हटलं, अक्का, नाही जात मी. खरंच म्हटलं. तोंडातून निघालं तेव्हा बरंसुद्धा वाटलं. अक्कांनी मुलीची मान सावरली आणि म्हणाल्या, "मी शे ना. तू जाय." मी गेले.

केंद्र एका शाळेत होतं. आमच्या तुकडीला उशीर झाला, आधीची तुकडी रेंगाळली होती. व्हरांड्यात आम्ही ताटकळत उभे. बाकीच्या मुली उतारे पुटपुटत होत्या आणि मी ऊन कुठपर्यंत आलं ते बघत होते. आता ती उठली असेल. आता तिला भूक लागली असेल. आता अक्कांनी बोंडलं काढलं असेल, आता दूध कानात गेलं असेल. माझी छाती जड व्हायला लागली. पदर दोनदा सारखा केला. मी मनाशी ठरवून टाकलं, आत गेल्यावर नुसतं रडणं कानात आल्यासारखं जरी वाटलं तरी उठायचं आणि चालू लागायचं. घर तिथून अर्ध्या तासावर होतं, रडणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण आईच्या कानाचा काय भरवसा.

आत गेलो. माझं मशीन खिडकीजवळच्या बाकावर होतं. चादर काढली, जड कळांवरून हात फिरवला. बरं वाटलं. सूचना झाल्या, पत्र झालं, तक्ता झाला. मग शेवटी वेगाचा उतारा. सुरू करा म्हटल्याबरोबर सगळी मशीनं एकदम उसळली, आणि त्या आवाजात मी बुडाले.

पुढचं मला स्वप्नासारखं आठवतं. ती शाळेची खोली नव्हतीच. वाळ्याचा वास आला मला, खरंच आला. पायाचा अंगठा आपोआप चपलेच्या आत हलायला लागला. मला एवढंच कळत होतं की थांबायचं नाही, थांबलं की ती उठेल. एकदा कुठेतरी बारीक रडणं आल्यासारखं वाटलं, अगदी खिडकीशी. मी उठायचं ठरवलं होतं. पण बोटांना ते ठरवणं माहीत नव्हतं. बोटांना एवढंच शिकवलेलं होतं की चुळबुळ झाली तर ताल घट्ट धरायचा. त्यांनी तो धरला. टिंग, खर्रर्र, टिंग. रडणं बुडालं, की मुळात नव्हतंच, कोण जाणे. मी कुणासाठी टाइप करत होते ते मला विचाराल तर परीक्षकासाठी नाही.

थांबा, असं कुणीतरी ओरडलं आणि सगळी मशीनं एका क्षणात बंद पडली.

ती शांतता मी विसरणार नाही. माझ्या घरातल्या त्या उन्हाळ्यात अशी शांतता झाली की पुढच्या क्षणी झोळीतून लाथ यायची. मी हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले. कशाची, ते मलाच ठाऊक. काहीच आलं नाही. बाहेर कावळा ओरडला. माझा ब्लाउज भिजून गेला होता.

पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च घेऊन मी बाहेर आले. घरी धावत सुटायचं या बेताने पायऱ्या उतरले, आणि थांबले. आमच्या खोलीच्या खिडकीखाली कडुनिंब होता. त्याच्या सावलीत, पाय पसरून, अक्का बसल्या होत्या. मांडीवर माझी मुलगी. बाजूला फडक्यावर बोंडलं, आडवं पडलेलं.

घरी तिचं रडणं काही केल्या थांबेना म्हणून अक्का तिला घेऊन चालत आल्या होत्या. चौकशी करत करत, उन्हातून, पिशवीत दुधाची बाटली. मधल्या सुट्टीत तरी सून पाजील, एवढाच त्यांचा हिशेब. आल्या तर आत मशीनं सुरू झालेली. त्या खिडकीखाली टेकल्या. मुलगी आवाज ऐकून पेंगायला लागली, आणि त्यांनी सहज म्हणून बोंडल्याची चोच ओठाला लावली.

रोज चार वाजता आम्ही काय करत होतो? मशीन थांबवून, तिला पुरती जागी करून, मग दूध द्यायला बसत होतो. मी स्वतः मात्र मशीन चालू ठेवूनच तिला पाजत होते. दोन महिन्यांत आमच्यातल्या एकाच्याही टाळक्यात ही गोष्ट शिरली नव्हती.

मी जवळ जाऊन वाकले तशी अक्कांनी तोंडावर बोट ठेवलं.

"उठाडू नको. बठ्ठं पी गयी ती."

सगळं प्यायली. बोंडलं खरंच रिकामं होतं. मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब वाळत आलेला, कान मात्र कोरडे. मशीनं थांबून एवढा वेळ झाला होता, व्हरांड्यात पोरं उत्तरांवरून गलका करत होती, कावळा ओरडत होता, आणि ती झोपली होती. पोट भरलेलं होतं म्हणून झोपली होती. तिला आता माझी खटखट नको होती, आणि मीही नको होते.

मी पास झाले, हे निकालात कळलं. खुर्चीही मिळाली, चौघडी अक्कांनी शिवून दिली. पण ते सगळं नंतर. त्या कडुनिंबाखाली मला आनंद व्हायला हवा होता. याच एका गोष्टीसाठी मी उन्हाळाभर देव पाण्यात घातले होते. आणि मी तिथेच, चपला काढून, अक्कांच्या शेजारी मातीत बसले. छाती दगडासारखी झालेली, दूध पदरात उतरत होतं. अक्कांनी ते बघितलं. सावलीत मला जागा व्हावी म्हणून थोड्या सरकल्या.

आतून लोक मशीनं हातगाडीवर चढवायला लागले, त्यांच्या घंट्या उगाचच वाजत होत्या. अक्कांची मान जरा पलीकडे वळली असं बघून मी हात पुढे केला. जिला महिनोन् महिने नीज गं बाई म्हणून विनवलं होतं, तिच्या तळपायाला मी बोटाने हळूच गुदगुली केली. तिने पाय आखडून घेतला. उठली नाही.